स्कॉट्स भाषेवर संशोधन करायचंय? आधी गाव आणि साल ठरवा

भाषाशास्त्रात एमए करणारी मुलं मला अधूनमधून मेल करतात. मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो. "ताई, स्कॉट्स भाषेवर पीएचडी करायचं मनात आहे, टॉपिक सुचवा." मी उलट विचारते, कुठली स्कॉट्स? कधीची? बोललेली की लिहिलेली, आणि लिहिलेली असेल तर कुणी? बहुतेकांचं उत्तर येतच नाही. ज्यांचं येतं त्यांना मी जे सांगते, ते इथे एकदाच लिहून ठेवते. मी मूळची साताऱ्याची. ॲबर्डीनमध्ये राहते, अर्धवेळ शिकवते आणि उरलेला वेळ या ईशान्य भागातल्या बोलीच्या पाठी असते. त्यामुळे उदाहरणं या कोपऱ्यातली जास्त येतील. ग्लासगोवाल्यांनी रागावू नये.

आधी नावांचा घोळ निस्तरू. स्कॉटलंडची भाषा म्हटलं की आपल्याकडे पुष्कळ जण गेलिक समजतात. गेलिक केल्टिक कुळातली, आयरिशच्या जवळची. स्कॉट्स जर्मानिक कुळातली, जुन्या इंग्रजीच्या नॉर्थम्ब्रियन, म्हणजे उत्तरेकडच्या शाखेतून वाढलेली. आणि तिसरी आहे स्कॉटिश प्रमाण इंग्रजी. बँकेत, शाळेत, बातम्यांत ऐकू येते ती हीच. व्याकरण बहुतांशी इंग्रजीचं, उच्चार इथले. तुम्हाला 'स्कॉटिश ॲक्सेंट'वर काम करायचं असेल तर ते या तिसरीवरचं काम आहे, स्कॉट्सवरचं नव्हे. सिनॉप्सिसमध्ये दोन्ही नावं एकाच अर्थाने वापरलीत की परीक्षक पहिल्याच पानावर अडवणार, आणि अडवावंच.

जुन्या काळात शिरलात तर घोळ आणखी वाढतो. पंधराव्या शतकाच्या शेवटापर्यंत सखल भागातले लोक स्वतःच्या भाषेला 'इंग्लिस' म्हणत, आणि 'स्कॉटिस' हा शब्द गेलिकसाठी वापरत. १५१३ मध्ये कवी गॅविन डग्लस लॅटिन महाकवी व्हर्जिलचं भाषांतर पुरं करतो तेव्हा मात्र आपण 'स्कॉटिस'मध्ये लिहितो असं ठासून सांगतो. म्हणजे जुन्या कागदांत 'स्कॉटिस' शोधून "हे पहा, भाषेचा उल्लेख सापडला" म्हणणाऱ्याने आधी कागदाचं साल पाहावं.

आता त्या तीन प्रश्नांकडे. कार्डावर तीन ओळी लिहा: गाव किंवा जिल्हा, सालांची मर्यादा, आणि कुणाच्या तोंडची किंवा हातची भाषा. "बँफशर, १८५५ ते १९००, स्थानिक वर्तमानपत्रातलं बोलीगद्य" हा टॉपिक झाला. "स्कॉट्स भाषेतील शब्दसंपदा : एक अभ्यास" हा टॉपिक नाही, ती सभागृहाबाहेर लावायची पाटी आहे. १८५५ का म्हणाल, तर त्या वर्षी वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर उठला, स्वस्त पेपर निघाले आणि त्यांत बोलीतलं गद्य भरभरून छापलं गेलं. सालाला असं कारण असावं. "१८०० ते २०००" असं गोल साल दिसलं की समजावं, विद्यार्थ्याने अजून एकही कागद उघडलेला नाही.

जिल्ह्याचा आग्रह का धरायचा? ढोबळ मानाने स्कॉट्सचे पाच गट धरतात: शेटलंड-ऑर्कनी बेटांवरचा, उत्तरेचा, मध्य भागाचा, सीमेलगतचा दक्षिणेचा, आणि सतराव्या शतकात वसाहतवाल्यांबरोबर आयर्लंडला गेलेला अल्स्टरचा. माझ्या दारातलं उदाहरण घ्या. ईशान्येत इंग्रजी डब्ल्यूएचच्या जागी फ येतो. काय म्हणजे 'फिट', कुठे म्हणजे 'फार', कोण म्हणजे 'फा', कधी म्हणजे 'फान', आणि कसं म्हणजे 'फू'. त्यात पायालाही इथे 'फिट' म्हणतात. म्हणून बुटांच्या दुकानातला इथला लाडका विनोद आहे, "फिट फिट फिट्स फिट फिट?" कुठला पाय कुठल्या पायात बसतो! हाच प्रश्न ग्लासगोत विचारलात तर माणूस तुमच्याकडे बघत राहील. दोन्हीकडचे नमुने एकत्र ओतून "स्कॉट्समध्ये अमुक टक्के वेळा फ येतो" असं काढलेलं उत्तर कुठल्याच गावाचं नसतं.

आणखी एक निर्णय आधीच घ्यायचा असतो: मोजताना स्कॉट्स कशाला धरायचं? स्कॉट्सचे अभ्यासक ए. जे. एटकिन यांनी १९७९ मध्ये यासाठी पाच रकाने मांडले, ते आजही कामाला येतात. एका टोकाला 'बेर्न'सारखे निखळ स्कॉट्स शब्द, दुसऱ्या टोकाला त्याच अर्थाचा इंग्रजी 'चाइल्ड'. त्यांच्या आत 'हेम' आणि 'होम' यांसारखी एकाच शब्दाची दोन रूपं. मधोमध दोघींची सामाईक शब्दसंपत्ती, आणि ती प्रचंड आहे. बोलणारा माणूस एका वाक्यात या रकान्यांतून डावी-उजवीकडे सरकत राहतो. तुम्ही मधला रकाना स्कॉट्समध्ये धरलात तर आकडा फुगतो, सोडलात तर भाषा उगाच रोडावते. काहीही करा, पण काय केलंत ते लिहा.

शब्दकोश अर्थासाठी उघडू नका

हाताशी सगळ्यात मोठी वस्तू आहे ती 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज', म्हणजे डीएसएल. २००४ पासून ऑनलाइन आणि फुकट. आत दोन वेगवेगळे थोर कोश आहेत, आणि इथेच नवखे फसतात. पहिला 'डिक्शनरी ऑफ द ओल्डर स्कॉटिश टंग', बारा खंड, बाराव्या शतकापासून १७०० पर्यंतच्या भाषेचा. विल्यम क्रेगी यांनी सुरू केला, पहिला भाग १९३१ मध्ये निघाला आणि शेवटचा खंड २००२ मध्ये. दुसरा 'स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी', दहा खंड, १७०० पासून पुढचा, १९३१ ते १९७६. संपादक आधी विल्यम ग्रँट, नंतर डेव्हिड म्युरिसन.

या दोघांचे नियम वेगळे आहेत. जुना कोश १६०० पर्यंतची सगळी शब्दसंपदा घेतो, इंग्रजीशी सामाईक असली तरी. १६०० ते १७०० मधलं मात्र तेवढंच घेतो जे त्या काळच्या सर्वसाधारण इंग्रजीपेक्षा निराळं आहे. नवा कोश तर मुळातच वेगळेपणावर उभा आहे. जो शब्द रूपाने आणि अर्थाने इंग्रजीसारखाच आहे त्याला तिथे जागा नाही. आता कुणी दोन्ही कोशांतल्या नोंदी मोजून "१७०० नंतर स्कॉट्सची शब्दसंपदा आटली" असा निष्कर्ष काढला तर त्याने भाषा मोजलेली नाही, संपादकांची धोरणं मोजली आहेत.

जुन्या कोशात आणखी एक खोच आहे. सुरुवातीच्या अक्षरांचं काम तुलनेने कमी साहित्य वाचून झालं होतं. पुढे तेच पाच रकानेवाले एटकिन संपादक म्हणून आले आणि त्यांनी वाचनाची यादी बरीच वाढवली, त्यामुळे पुढच्या अक्षरांच्या नोंदी भरगच्च आहेत. ए आणि एस या अक्षरांची तुलना करून काही सिद्ध करायला जाऊ नका.

मग कोश वापरायचा कसा? नोंद उघडली की अर्थाची ओळ ओलांडा आणि अवतरणांवर या. तुमचा माल तिथे आहे. नव्या कोशात बहुतेक अवतरणांना साल आणि जिल्ह्याची खूण असते. ॲबर्डीनशर, बँफशर, अँगस, रॉक्सबरशर यांची तोडकी नावं. हे १९७५ च्या फेररचनेआधीचे जुने जिल्हे आहेत, तेव्हा आजचा नकाशा मिटून जुना उघडा. एक्सेलमध्ये रकाने करा: साल, जिल्हा, लिहिणारा, लेखनाचा प्रकार, शब्दाचं नेमकं स्पेलिंग, आणि अवतरण जसंच्या तसं. करंगळीचे शब्द घेऊन हाताला सवय लावा. बाहेर बहुतेक ठिकाणी 'पिंकी' ऐकू येतो, ईशान्येत 'क्रॅनी'. दोन्ही नोंदींतली अवतरणं जिल्ह्यावार लावलीत की नकाशा आपोआप उभा राहायला लागतो. मग तो एडिनबरा विद्यापीठाच्या भाषिक सर्वेक्षणाशी ताडून पाहा. हे सर्वेक्षण १९४९ मध्ये सुरू झालं. पन्नाशीच्या दशकात शाळांतल्या शिक्षकांमार्फत टपालाने प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्यातून १९७५ ते १९८६ या काळात नकाशांचे तीन खंड निघाले. शिक्षकांनी भरून घेतलेल्या प्रश्नावल्या म्हटल्यावर, गावातला कोण शिक्षकासमोर काय कबूल करेल, हेही मनात धरा.

आणि 'पहिला दाखला' या शब्दांना भुलू नका. जॉन बार्बर या कवीचं रॉबर्ट ब्रूस राजावरचं काव्य १३७५ चं. त्याआधीचं सलग स्कॉट्स लेखन जवळजवळ नाहीच. लॅटिन कागदांत अडकलेली गावांची नावं, मधेच आलेला एखादा देशी शब्द, एवढंच. कोशात एखाद्या शब्दाला १३७५ साल दिसलं तर तो तेव्हा जन्मला असं नव्हे, तेव्हा कागदावर आला.

जॉन जेमिसनचा १८०८ चा कोशही जरूर पाहा. त्याच्या व्युत्पत्ती सोडून द्या. स्कॉट्स इंग्रजीच्या मुळातून आलीच नाही हे ठरवूनच तो बसला होता. पण त्याने गोळा केलेले दाखले आणि लोकांच्या तोंडचे शब्द फार मोलाचे आहेत.

जुना कागद वाचताना

१७०७ पर्यंतच्या स्कॉटिश संसदेची दप्तरं सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने ऑनलाइन ठेवली आहेत, मूळ पाठ आणि शेजारी आधुनिक इंग्रजी. शिकायला याच्याइतकी सोयीची जागा नाही. सुरुवात १४९६ च्या शिक्षणाच्या कायद्याने करा. चौथ्या जेम्सचा काळ. बॅरन आणि ऐपतदार जमीनदारांनी थोरल्या मुलांना आठव्या-नवव्या वर्षापासून शाळेत घालावं, असं फर्मान आहे.

आता त्यातला एक तुकडा जवळून पाहू: मुलांनी 'टिल रिमेन' व्याकरणशाळेत 'ह्विल' त्यांचा पाया पक्का होईल आणि लॅटिन चोख येईल. इंग्रजी येणाऱ्याचा डोळा इथे हमखास घसरतो. 'टिल' म्हणजे इथे 'पर्यंत' नाही, नुसतं क्रियापदाआधीचं 'टू' आहे. आणि 'ह्विल' दिसायला इंग्रजी 'व्हाइल'चा भाऊ, पण इथे त्याचा अर्थ आहे 'पर्यंत'. घाईत वाचणारा म्हणेल, पाया पक्का होत असताना राहावं. कायदा म्हणतो, पक्का होईपर्यंत राहावं. शेजारचं भाषांतर झाकून आधी स्वतः अर्थ लावा, मग उघडून पाहा.

याच दोन ओळींत जुन्या स्कॉट्सची निम्मी लिपी शिकून होते. इंग्रजीत डब्ल्यूएच जिथे येतो तिथे क्यूयूएच. अनेकवचनाला आयएस: बॅरोनिस, सॉनिस, स्कूलिस. भूतकाळी रूपाला आयटी: ऑर्डेनिट, फाउंडिट. यू, व्ही आणि डब्ल्यू एकमेकांच्या जागी बिनधास्त बसतात. त्यामुळे शोधयंत्रात एकच स्पेलिंग टाकून "सापडलं नाही" म्हणू नका. कोशाच्या नोंदीत वर दिलेली सगळी रूपं उतरवून घ्या आणि एकेक टाका. योघ नावाचं जुनं अक्षर छापखान्यात नव्हतं म्हणून त्याच्या जागी झेड बसवला गेला. मेन्झीस हे आडनाव अजूनही 'मिंगिस' असं उच्चारणारे आहेत, ते त्यामुळेच. छापील आवृत्तीत झेड दिसला की तो खरा झेड आहे की योघ, हे विचारायची सवय लावा.

तारखांचा सापळा तर बेरकी आहे. स्कॉटलंडमध्ये १६०० सालापासून नवं वर्ष १ जानेवारीला सुरू व्हायला लागलं. त्याआधी ते २५ मार्चला सुरू होई. फुटबॉल आणि गोल्फ बंद करा, असं सांगणारा प्रसिद्ध कायदा ६ मार्चचा आहे. त्या काळच्या हिशेबाने १४५७, आपल्या हिशेबाने १४५८. दोन्ही सालं पुस्तकांत भेटतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तुमच्या एक्सेलमध्ये कुठला हिशेब धरला आहे ते वर एका ओळीत लिहा, नाहीतर एकच कागद दोनदा मोजला जाईल.

लेखनाचा प्रकार का नोंदवायचा, याचं उत्तर भाषेच्या अभ्यासक एमी डेव्हिट यांच्या अभ्यासात आहे. १५२० ते १६५९ या काळात स्कॉट्स लेखनात इंग्रजी रूपं कशी शिरली हे त्यांनी प्रकारवार पाहिलं. धार्मिक लेखन आधी बदललं, सार्वजनिक दप्तरं सगळ्यात शेवटी. एकाच शहरात, एकाच दशकात. धर्मसुधारणेनंतर इथे बायबल इंग्रजीतलं वाचलं जात होतं, स्कॉट्समधलं नव्हे, हे लक्षात घेतलं की त्यात नवल वाटत नाही. म्हणून फक्त प्रवचनं वाचून "१६०० पर्यंत स्कॉट्स संपली" म्हणणारा आणि फक्त न्यायालयाचे कागद वाचून "मुळीच नाही" म्हणणारा, दोघंही अर्धवट बोलतात.

हस्तलिखितांकडे वळलात तर सेक्रेटरी हँड नावाचं वळण शिकावं लागेल. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यासाठी ऑनलाइन धडे ठेवले आहेत. मोडी वाचता येणाऱ्या आपल्या लोकांना गिचमिड अक्षराची भीती कमी वाटते, असा माझा अनुभव.

आजचं लेखन, आणि एक मोठा खड्डा

ग्लासगो विद्यापीठाचा 'स्कॉट्स कॉर्पस', म्हणजे भाषेच्या नमुन्यांचा संग्रह, सुमारे ४० लाख शब्दांचा आहे, त्यातला साधारण पाचवा हिस्सा बोललेला. त्याच विद्यापीठाचा दुसरा संग्रह १७०० ते १९४५ या काळातल्या लेखनाचा. दोन्ही फुकट. पण पहिल्याचं नाव वाचून गडबडू नका. त्यात स्कॉटिश प्रमाण इंग्रजी भरपूर आहे, संसदेचे कागदसुद्धा. प्रत्येक मजकुराबरोबर लिहिणाऱ्याची माहिती दिलेली असते, ती वाचल्याशिवाय एकही आकडा काढू नका.

खड्डा आहे विकिपीडियाचा. २०२० च्या ऑगस्टमध्ये उघड झालं की स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते. त्याला स्कॉट्स येत नव्हती, कोशातून शब्द उचलून इंग्रजी वाक्यात बसवत होता, आणि हे त्याने बाराव्या वर्षी सुरू केलं होतं. मुलाचा हेतू वाईट नव्हता. लोक त्याच्यावर तुटून पडले ते मला अजिबात आवडलं नाही. पण संशोधकाच्या दृष्टीने नुकसान मोठं आहे. इंटरनेटवरून आपोआप गोळा केलेल्या मोठमोठ्या संग्रहांत स्कॉट्स म्हणून विकिपीडियाच आलेला असतो. कंप्युटेशनल काम करणाऱ्यांनी आपला डेटा कुठून आणि कधी उतरवला आहे ते आधी तपासावं. ज्यात लिहिणाऱ्याचं गाव कळत नाही असा आधुनिक मजकूर मी स्वतः मोजणीत घेत नाही.

ॲपॉस्ट्रॉफीबद्दल दोन शब्द. अठराव्या शतकापासून स्कॉट्स शब्दांत इंग्रजी अक्षर 'गळलं' असं दाखवायला ॲपॉस्ट्रॉफी टाकू लागले, जणू शब्द अपुरा आहे आणि लेखक माफी मागतो आहे. १९४७ मध्ये कवींच्या एका गटाने लेखनाचे नियम ठरवून ती काढून टाकायला सांगितलं. म्हणून एखाद्या लेखनात ॲपॉस्ट्रॉफी आहे की नाही यावरून लिहिणाऱ्याचा काळ आणि कल दोन्हींचा अंदाज येतो. शोधताना मात्र दोन्ही रूपं टाका.

अठराव्या शतकातला कवी रॉबर्ट बर्न्स याच्यावरच काम करायचं असेल तर करा, पण तो एकाच कवितेत इंग्रजी आणि स्कॉट्समध्ये ये-जा करतो, हे धरून. त्याची भाषा म्हणजे त्याच्या गावातल्या सगळ्यांची बोली, असं समजू नये.

माणसांशी बोलताना

"तुम्ही स्कॉट्स बोलता का?" हा प्रश्न पहिला विचारू नका. शाळेत 'नीट बोल' म्हणून दटावल्या गेलेल्या पिढ्या आहेत. अस्सल बोली बोलणारी आजी "छे, मी आपलं अडाणी बोलते" म्हणते आणि पुढचं वाक्य इंग्रजीत. जनगणनेचे आकडेही याच नजरेने वाचा. २०११ मध्ये स्कॉट्सबद्दल पहिल्यांदा विचारलं, तेव्हा सुमारे १५ लाख लोकांनी 'बोलतो' म्हटलं. २०२२ मध्येही तो आकडा १५ लाखांच्याच आसपास राहिला. पण बोलणं, समजणं, वाचणं, लिहिणं यांपैकी काहीतरी येतं म्हणणारे १९ लाखांवरून २४ लाखांवर गेले. हे लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे. २०२५ च्या कायद्याने गेलिक आणि स्कॉट्सला अधिकृत दर्जा मिळाला, त्यामुळे पुढच्या वेळी हा आकडा आणखी हलला तर भाषा किती हलली आणि लोकांची भीड किती चेपली, हे वेगळं काढावं लागेल.

वाक्यरचनेत रस असेल तर 'स्कॉट्स सिंटॅक्स ॲटलास' पाहा. ग्लासगोच्या जेनिफर स्मिथ आणि सहकाऱ्यांचं काम, २०१९ मध्ये खुलं झालं. सुमारे १४० ठिकाणी तरुण आणि वयस्कर माणसांना वाक्यं ऐकवून, इथे असं बोलतात का, हे विचारलं, आणि विचारणारी माणसं शक्यतो त्या त्या भागातलीच घेतली. स्मिथ स्वतः बकी या किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या गावच्या. त्यांच्या बकीवरच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडते. तिथे अनेकवचनी नामानंतर क्रियापदाला एस लागू शकतो, 'द बेर्न्स केन्स' म्हणजे पोरांना माहीत आहे. पण 'ते' या सर्वनामाला लागूनच क्रियापद आलं की एस येत नाही, 'दे केन'. बोलणाऱ्याला कुणी हा नियम शिकवलेला नाही, आणि विचारलात तर सांगता येणार नाही. अशी गोष्ट प्रश्नावलीत थेट विचारून सापडत नसते, तासन्‌तास मोकळं बोलणं ऐकावं लागतं.

आता आपल्यासारख्यांची खास अडचण. माझा चेहरा आणि माझं इंग्रजी ऐकलं की समोरचा माणूस आदराने प्रमाण इंग्रजीकडे सरकतो. यावर उपाय एकच: ओळखीच्या दोन स्थानिक माणसांना समोरासमोर बसवा, दोघांची लेखी संमती घ्या, रेकॉर्डर लावा आणि चहा करायला आत जा. सावकाश करा चहा. रेकॉर्डिंगचा पहिला भाग मी मोजणीत घेत नाही, कारण तो यंत्राशी बोललेला असतो. विद्यापीठाच्या एथिक्स समितीची परवानगी मिळण्याआधी मात्र एक मिनिटही टिपू नका. नंतर मिळवलेली परवानगी मागच्या टेपला लागू होत नाही.

इथे येणं जमत नसेल तरी आवाज मिळतात. 'टोबर अन डुआल्चाइस' या संकेतस्थळावर जुन्या ध्वनिफितींचा मोठा साठा आहे. एडिनबराच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने १९५१ पासून गावोगाव फिरून गोळा केलेल्या मुलाखती, गाणी, गोष्टी. उच्चारशास्त्रवाल्यांनी त्यावर एटकिन यांचा स्वरलांबीचा नियम तपासून पाहावा. घोषघर्षक ('व्ह', 'झ' यांसारखे घासत निघणारे ध्वनी), र किंवा प्रत्ययाची सीमा यांच्या आधी स्वर लांबतो, एरवी आखूड राहतो. कुठल्या गावात कुठल्या स्वरांना तो लागू होतो, हे मोजायला प्राट सॉफ्टवेअर आणि चिकाटी पुरते.

महाराष्ट्रात बसून करण्याजोगा एक विषय

मराठीच्या सुरुवातीच्या आधुनिक कोश-व्याकरणांपैकी काहींच्या मागे स्कॉटलंडची माणसं आहेत. १८२४ चा मराठी कोश करणारा व्हॅन्स केनेडी एअरशरचा. १८३३ मध्ये मराठी व्याकरण छापणारे जॉन स्टीव्हन्सन स्कॉटिश मिशनरी. विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन सीमेजवळच्या लॉडर गावचे. ही सगळी शिकलेली माणसं, कागदावर प्रमाण इंग्रजी लिहिणारी. पण शिकलेल्या स्कॉटिश माणसाच्या इंग्रजीत त्याला न कळता स्कॉट्स उरते. 'आउटविथ', म्हणजे 'च्या बाहेर', हा शब्द इथल्या सरकारी पत्रांत रोज येतो आणि लिहिणाऱ्याला तो इंग्रजीच वाटतो.

पकडायचं कसं? अठराव्या शतकात सभ्य माणसांनी टाळायच्या स्कॉटिश प्रयोगांच्या याद्या निघाल्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमची १७५२ ची, आणि आमच्या ॲबर्डीनच्या जेम्स बीटीची १७८७ ची. जे टाळा म्हणून सांगितलं आहे ते लोक सर्रास लिहीत होते, हे उघड आहे. या याद्या हातात घ्या आणि मुंबई-पुण्याहून लिहिलेली मिशनऱ्यांची पत्रं, अहवाल, व्याकरणांच्या प्रस्तावना चाळा. मराठीचे उच्चार समजावताना ते कुठल्या इंग्रजी उच्चारांचा आधार घेतात तेही टिपा.

फक्त एक पथ्य पाळा. इथे 'तू कुठे राहतोस' याला 'व्हेअर डू यू स्टे' म्हणतात, आणि मुंबईतही म्हणतात. म्हणून लगेच मिशनरी शाळेपर्यंत धागा ओढू नका. दोन ठिकाणी एकच प्रयोग दिसला म्हणजे एकाने दुसऱ्याकडून घेतला असं होत नाही. मधली माणसं, शाळा, पाठ्यपुस्तकं सालवार दाखवता आली तरच बोला.

लेख पाठवायचा तर 'स्कॉटिश लँग्वेज' हे नियतकालिक पाहा. आणि डीएसएलचा संदर्भ देताना नुसतं डीएसएल लिहू नका. दोनपैकी कोश कुठला, शीर्षशब्द, अर्थाचा क्रमांक, अवतरणाचं साल आणि तुम्ही पान पाहिल्याची तारीख, एवढं हवंच. नव्या कोशाच्या नोंदींत भर पडत असते, आणि व्हायव्हाच्या दिवशी परीक्षक लॅपटॉप उघडून तुमच्यासमोर तीच नोंद काढतो.